तिथं ते मला ओळखतील का?

या विकांताला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण २ नोव्हेंबरपासून डोक्यात एक किडा वळवळतोय आणि तो बाहेर काढल्याशिवाय चैन पडणार नाही. हापिसात बिल्ड चालू असताना, लोकलमध्ये लटकताना, सगळीकडे तोच प्रश्न. तेव्हा आज तोच. विषय थोडा जड आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या मिरा रोडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती. (हे नाव ऐकून बाहेरगावच्या मित्रांना ही मंडळी बंगालकडची वाटतात. तसं नाही. ही इथलीच, वसई-साष्टी-मुंबईची, घरात मराठी बोलणारी. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या सुमारास त्यांनी हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, कंपनी सरकारच्या काळापासूनचे इथले, हे दाखवायला. असो.) काकांचं गाव उत्तनच्या बाजूचं. काका गेले त्याला आता सव्वा वर्ष झालं. जाण्याआधी दोन वर्षं त्यांची स्मृती गेली होती. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी मावशींना ते दवाखान्यातली बाई समजायचे. "तुम्ही जा आता घरी, आमची मंडळी बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात," असं अगदी अदबीनं सांगायचे. मावशी मग स्वयंपाकघरात जायच्या, दोन मिनिटं थांबायच्या आणि हातात पिशवी घेऊन परत बाहेर यायच्या. आले हं बाजारातून. कधी कधी हे चालायचं.

२ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक आपल्या मृतांची आठवण करतात. दफनभूमीत जाऊन कबरी साफ करायच्या, झेंडूची नाहीतर शेवंतीची फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या. यंदा मावशींना घेऊन मीच बाईकवरून गेलो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता लागला की मिठागरं, मग झाडी, मग सुकत घातलेल्या बोंबलाचा वास. मुंबईला चिकटलेलं हे शहर तिकडं गेल्यावर एकदम दोनशे वर्षं मागं जातं.

मेणबत्ती काही लागेना, वारा होता. मी हाताचा आडोसा धरून बसलो होतो आणि तेवढ्यात मावशींनी विचारलं, "तू एवढं वाचतोस रे बाळा. तिथं गेल्यावर ते मला ओळखतील का?"

मी काय बोलावं? "हो हो, ओळखतील की," असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कस्टमरला 'इश्यू रिझॉल्व्ड' सांगणाऱ्या फ्रेशरकडे मॅनेजर पाहतो तसं.

गंमत म्हणजे आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. श्राद्धात आपण त्यांची आठवण काढतो, बाप, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या नावानं, पुढची पिढी नावानिशी गळून जाते. ते आपली आठवण काढतात का, हे भटजींनाही कुणी विचारत नाही. पुनर्जन्म म्हटला की मागचं विसरायचंच. पण ख्रिस्ती श्रद्धेत माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो आणि पुढं कायमचा तोच राहतो. म्हणजे आठवणीचा प्रश्न टाळता येत नाही. हार्ड डिस्क फॉरमॅट करून तिच्यावर जुनंच लेबल लावलं तर ती जुनी डिस्क राहते का? मावशींचा प्रश्न साध्या भाषेत हाच होता. म्हणून घरी आल्यावर वाचत बसलो.

बायबल उघडलं तर तिथं सरळ उत्तर नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय ६५) देव नवं आकाश आणि नवी पृथ्वी निर्माण करणार आणि पूर्वीच्या गोष्टी कुणाच्या मनातही येणार नाहीत, असं म्हटलंय. म्हणजे विसर. पण लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १६) येशूनं श्रीमंत माणसाची आणि त्याच्या दारातल्या लाजर नावाच्या भिकाऱ्याची गोष्ट सांगितली आहे, तिच्यात श्रीमंत मरून यातनांत पडल्यावरही आपल्या घरच्या पाच भावांची काळजी करतो. म्हणजे आठवण! आणि तीही नरकात. मत्तयमध्ये (अध्याय २२) सदूकी पंथाचे लोक येशूला कोड्यात पकडायला येतात. सात भाऊ, एकामागून एक मेले, सगळ्यांनी एकाच बाईशी लग्न केलं, मग पुनरुत्थान झाल्यावर ती कुणाची बायको? उत्तर असं मिळतं की तिथं लग्नच नसतं, माणसं देवदूतांसारखी असतात. वाद मिटला, पण मावशींसारख्या चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला त्यानं काय बरं वाटणार?

पुढच्या पंडितांनी मग यावर डोकी घासली. त्यात मला सगळ्यात जवळचा वाटला तो ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप. त्याची आई मोनिका ३८७ मध्ये इटलीतल्या ओस्तिया बंदरात वारली. त्यानंतर तीसेक वर्षांनी, सुमारे ४२१ मध्ये, एका मित्रानं त्याला विचारलं की संताच्या थडग्याजवळ पुरल्यानं मेलेल्याला काही फायदा होतो का. उत्तरादाखल त्यानं एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात मेलेल्यांना आपलं इथलं काही कळतं का याची चर्चा करताना तो मध्येच म्हणतो, की मेलेले जर आपल्याकडे येऊ शकत असते तर माझ्या आईनं मला एका रात्रीसाठीही एकटं सोडलं नसतं; जमिनीवरून आणि समुद्रावरून माझ्या मागं येणारी बाई ती. म्हातारा झालेला बिशप, जगभर नाव, आणि युक्तिवादात पुरावा म्हणून काय देतो, तर आई येत नाही हा! मी ते वाचून थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं.

त्याच्या 'देवाचे नगर' या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात मात्र त्यानं एक चांगली फोड केली आहे. दुःख दोन प्रकारे माहीत असतं, म्हणतो. वैद्याला रोग माहीत असतो तसं आणि रोग्याला माहीत असतो तसं. स्वर्गातल्यांना आपलं भोगलेलं वैद्यासारखं माहीत राहील, रोग्यासारखं नाही. माहिती राहते, वेदना जाते. नऊशे वर्षांनी दांतेनं हेच दोन नद्या करून दाखवलं. शुद्धिस्थानाच्या (म्हणजे नरक नव्हे आणि स्वर्गही नव्हे, मध्ये पापं धुऊन निघण्याची जागा) डोंगरमाथ्यावर एक नदी पापाची आठवण पुसते आणि दुसरी चांगल्याची आठवण परत देते. एक डिलीट, एक रिस्टोअर. शिवाय त्याच्या स्वर्गातले आत्मे आपलं शरीर परत मिळावं म्हणून आसुसलेले असतात, ते एकट्या स्वतःसाठी नव्हे, तर आपल्या आयांसाठी, बापांसाठी आणि जे जे प्रिय होते त्यांच्यासाठीही.

थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) मात्र कोरडा हिशोबनीस. त्याच्या मते पूर्ण सुखाला देव पुरेसा आहे. जगात एकच जीव देवाला पाहत असता तरी तो सुखी असता. मित्र असतील तर उत्तम, पण ते अटीत नाहीत. त्याच्या ग्रंथाच्या पुरवणीत (ती त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच जुन्या लिखाणातून जुळवली गेली) याहून कठीण गोष्ट आहे. स्वर्गातल्यांना नरकातल्यांच्या यातना दिसतील आणि त्यांची दया येणार नाही. कारण दया म्हणजे दुःखात वाटा, आणि तिथं दुःख नाही. तर्क बिनचूक आहे. मला तो वाचून थंडी वाजली.

आणि इथंच माझ्या लक्षात आलं की मावशींचा प्रश्न युरोपात एका अर्थानं सोपा होता. तिथं बहुतेकांचे आईबाप, आजीआजोबा बाप्तिस्मा घेतलेलेच. आठवण राहिली तर भेटीचं सुखच. पण ज्या घरात ख्रिस्ती धर्म पहिल्याच पिढीत आला, त्या घराचं काय? तिथं आठवण हे सुख नाही, आठवण हीच शिक्षा आहे. मी स्वर्गात, आणि ज्या बापानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तो कुठं? त्याची आठवण राहिली तर ते स्वर्गातलं सुख कसलं, आणि नाही राहिली तर तिथं पोचलेला तो मी कसला?

आपल्या किनाऱ्याचा प्रश्न नेमका हा आहे. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय पाद्री आले. आजचं मिरा-भाईंदर त्याच पट्ट्यातलं. वसईच्या खाडीपलीकडं किल्ला, अलीकडं डोंगरी, उत्तन, गोराई. शेतकरी, कोळी, आगरी गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. काही मनानं, काही जबरदस्तीनं, काही सोयीनं. तो वाद आज नको. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, ही माणसं इथंच राहिली. पण त्या पहिल्या पिढीतल्या कुण्या कोळणीनं पाद्र्याला आपल्या मेलेल्या सासऱ्याबद्दल काय विचारलं असेल, ते तिच्या शब्दांत लिहून ठेवायला कुणाला सुचलं नाही.

जपानमधलं मात्र लिहून ठेवलेलं आहे, आणि लिहिणारा आपल्या ओळखीचा. फ्रान्सिस झेवियर. तो वसईतही येऊन गेला होता, त्याचा देह आज जुन्या गोव्यात आहे. १५४९ मध्ये तो जपानला पोचला. जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून युरोपातल्या आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात तो यामागुची गावच्या नवख्रिस्ती लोकांबद्दल सांगतो. नरकातून सुटका नाही हे कळल्यावर त्यांनी विचारलं की आमच्या मेलेल्या आईबापांसाठी, बायकामुलांसाठी काही दानधर्म, काही प्रार्थना करून उपयोग होईल का. त्यानं सांगितलं, नाही. मग ती माणसं रडली. आणि झेवियर लिहितो की आपल्या जिवलगांना असं रडताना पाहून मलाही वाईट वाटलं. त्याला वाईट वाटलं हे बरं. पण उत्तर त्यानं बदललं नाही.

म्हणजे पुस्तकी हिशोबानं पाहिलं तर २ नोव्हेंबरची मेणबत्तीसुद्धा या आजोबांसाठी नव्हती. हा दिवस फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीनं सन १००० च्या आसपास आपल्या मठांना लावून दिला आणि मग सगळीकडे पसरला. प्रार्थना शुद्धिस्थानातल्यांसाठी, आणि शुद्धिस्थानात जागा श्रद्धेत मेलेल्यांनाच.

उलट बाजूनंही दार बंदच होतं, हे आपण सोयीस्कर विसरतो. धर्मशास्त्रात 'घटस्फोट' हा विधी होता. आज आपण तो शब्द नवराबायकोच्या काडीमोडासाठी वापरतो, पण मूळ अर्थ वेगळा. जातीतून पतित झालेल्या जिवंत माणसाचं प्रेतकार्य करायचं, पाण्याचा घडा उलटवायचा, आणि तो आपल्यापुरता मेला असं ठरवायचं. म्हणजे इकडे नवख्रिस्ती पोराला सांगितलं जाणार की तुझा मेलेला बाप कायमचा गमावला, आणि तिकडे जिवंत बापाला सांगितलं जाणार की तुझा पोरगा मेला. आठवणीचा तार दोन्हीकडून कापलेला.

एका मराठी बाईनं मात्र हा तार कापू दिला नाही. पंडिता रमाबाई. शाळेत त्यांच्यावर चार ओळींची टीप लिहिली होती, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकू नये असं सगळं गाव म्हणत असताना त्यांनी बायकोला शिकवलं, आणि त्या आईनं रमेला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात मद्रास इलाख्यात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. उपासमारीनं. आईला न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमा. ती इतकी ठेंगणी की खांदा पुरेना, तिनं तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान दोन-तीन मैलांवर.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढं १९०७ मध्ये त्यांनी आपली श्रद्धेची कहाणी इंग्रजीत लिहिली. तोवर त्या चांगल्या कडव्या ख्रिस्ती झालेल्या होत्या, हिंदू धर्मावर टीका करताना हात आखडता घेत नव्हत्या. पण वडिलांपाशी येतात आणि सूर बदलतो. मरताना वडिलांनी रमेला जवळ घेऊन सांगितलं होतं, की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाई म्हणतात, त्यांना खरा देव ठाऊक नव्हता, पण त्या न कळलेल्या देवाचीच सेवा त्यांनी सगळं मन लावून केली. आणि त्यांची प्रार्थना त्या देवानं ऐकली असंच त्या मानतात. ('न कळलेला देव' हा धागा बायबलमधलाच आहे, अथेन्समध्ये पौल बोलतो तिथला. बाई कच्च्या गुरूची चेली नव्हती!)

विचार करा. ज्या मिशनरी बायकांशी त्यांचा पत्रांतून कडाडून वाद चालायचा, त्यांच्यापुढं त्या एवढंच म्हणत नाहीत की मला बापाची आठवण येते. त्या म्हणतात, माझी श्रद्धा ही त्याच्या प्रार्थनेचं फळ आहे. नरकात टाकलेल्या माणसाची प्रार्थना कोण ऐकतं? त्यांनी वडील स्वर्गात आहेत असं कुठं म्हटल्याचं मला सापडलं नाही. पण त्यांना विसरून स्वतःचा हिशोब लागत नाही, हे मात्र त्यांनी लिहून टाकलं. एका वाक्यानं अक्वायनसच्या पुरवणीला भोक पाडलं, माझ्या मते तरी. पुढं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. म्हणजे तो श्रीमंत माणूस, त्याचे पाच भाऊ, यशयाचा तो विसर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, १९२२ मध्ये केडगावला रमाबाई गेल्या, आणि भाषांतर त्यानंतर छापून बाहेर आलं.

कॅथलिक चर्चला हे अधिकृतपणे म्हणायला १९६४ उजाडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक संविधानात स्पष्ट लिहिलं गेलं, की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. जपानी लोक रडले त्याला तेव्हा चारशेहून जास्त वर्षं झाली होती.

साध्या माणसांनी अर्थातच एवढी वाट पाहिली नव्हती. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाआधी घरातल्या मृतांच्या नावानं गरिबांना जेवू घालायची पद्धत आहे, भिकाऱ्यांचं जेवण म्हणतात. इन्क्विझिशननं १७३६ मध्ये मोठं फर्मान काढून लग्न, जन्म, मरण यांतल्या कितीतरी देशी चालींवर बंदी घातली. तुळस, धोतर, चोळीपर्यंत नजर पोचली होती. तरी पूर्वजांना जेवण राहिलंच. त्या पानावर बसणारा भिकारी कुणाच्या पिढीतला पूर्वज आहे, बाप्तिस्म्याआधीचा की नंतरचा, हे पंगतीत कोण विचारतंय!

तर हे सगळं घेऊन मी परवा मावशींकडे गेलो. पुरवणीबिरवणी अर्थातच सांगितली नाही. वैद्य आणि रोग्याचं सांगितलं. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे ती दोन वर्षं त्यांना माहीत असतील, पण लागणार नाहीत." मी म्हटलं, तसंच. "आणि मला?" म्हटलं, तुम्हालाही. त्यांनी नुसतं "हं" केलं.

मग मी जरा वातावरण हलकं करावं म्हणून सांगितलं, की त्याच ऑगस्टीननं लिहून ठेवलंय, पुनरुत्थानात सगळी माणसं साधारण तिशीची उठतील, कारण येशूचं वय तेवढं होतं. म्हातारपण नाही, आजार नाही. काकासुद्धा तिशीचे.

"तिशीचे?" मावशी म्हणाल्या. "तेव्हा तर आमचं रोज भांडण व्हायचं. घरात नीट बोलायचेसुद्धा नाहीत." आणि उठून चहा टाकायला गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं आतूनच विचारलं, "मिशी होती तेव्हा त्यांना. मिशीसकट का रे?"

ते ऑगस्टीनमध्ये आहे. दाढीबद्दल त्यानं लिहिलंय, पुरुषाला ती शोभेसाठी दिलेली आहे आणि शरीरातलं शोभेचं काही वाया जाणार नाही. मिशीचं वेगळं नाही, पण मी 'हो' म्हणून सांगितलं. :)